पदरची मिरची

कोसमटोलीत येऊन पत्रू गुरनुलेचं घर विचारा. विचारलेला माणूस आधी हसेल आणि मग बोट दाखवेल. हसण्याची कारणं ज्याची त्याची. कुणी त्याच्या मिशीला हसतं. ती एका बाजूनं कलपानं काळीभोर आणि दुसऱ्या बाजूनं करडी असते, कारण घरातला आरसा अर्धा फुटलाय आणि बायको रुखमाबाई म्हणते, उरलेल्या अर्ध्यात मावेल तेवढंच तोंड पाहायचं या वयात. कुणी त्याच्या खोकल्याला हसतं. पण यंदाच्या उन्हाळ्यापासून गावात एक निराळंच हसू आलंय. पत्रू समोर आला की लोक ते गिळून टाकतात. आता तोंडावर हसले तर मामला थट्टेचा आणि हसू गिळलं तर मामला लाजेचा, एवढं तर तुम्हालाही कळतं.

पत्रूनं जन्मभर बोलण्याचाच धंदा केला, पण बोलताना त्याचं तोंड कुणी पाहिलं नाही. तो झाडीपट्टीच्या नाटकांत पिराम्टर होता. पडद्याआड वही घेऊन बसायचं आणि पुढचा नट अडला की त्याला शब्द पुरवायचा. दिवाळी सरली की या मुलखात गावोगाव मंडईची जत्रा भरते, लेकी-जावई येतात, आणि जिथं मंडई तिथं नाटक. एकेक नट हंगामात इतकी नाटकं करतो की कालचा दारुड्या आज इन्स्पेक्टर असतो. पाठांतर व्हायचं कधी? सगळी भिस्त पडद्यामागच्या पत्रूवर. तो नव्या नटांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचा, "टेजवर शांतता पडली मनजे मढं उघडं पडलं. आधी झाका, मंग रडा."

एकदा सिंदेवाहीकडच्या एका गावात वाऱ्यानं त्याच्या वहीची पानं उडाली. पुढं राजा राणीचा निरोप घेत होता आणि त्याचे संवाद जाऊन बसले होते बाभळीवर. पत्रूनं ना डोकं खाजवलं ना पान शोधलं. पदरचंच सोडून दिलं, की राणी, धानाच्या बांधीतलं पाणी पाहजो, आणि माझ्या पांढऱ्या बैलाला कुणाला मारू देजो नको. राजानं ते जसंच्या तसं म्हटलं. राजाला कुठली बांधी आणि कुठला पांढरा बैल, पण समोर बसलेल्या बाया पदर तोंडात धरून रडल्या. लेखक चिडला, कंपनीचा मालक खूश झाला, आणि पत्रूला पदरचं टाकायची चटक लागली ती लागलीच.

पुढं त्याला खोकला जडला. पिराम्टरला खोकला म्हणजे चोराच्या पायात घुंगरू. एका नाटकात राजा मरून पडला, राणीनं हंबरडा फोडला, आणि मेलेल्या राजाच्या पाठीमागून असा काही ठसका आला की कुणीतरी ओरडलं, "थांब वो बाई, रडू नोको, जित्ता आहे तो." तंबू हसून हसून खाली बसला. त्या हंगामानंतर वडशाच्या कोणत्याच नाटक कंपनीचं बोलावणं आलं नाही. पत्रू घरी बसला. घरी त्याला कुणी अडलेलं भेटेना. रुखमाबाई तर जन्मात कधी शब्दाला अडलेली नाही.

अशात यंदाच्या होळीनंतर चंद्रपूरच्या एका कॉलेजातल्या नीलिमा मॅडम गावात आल्या. त्या शिकवतात तत्त्वज्ञान. सुट्टीच्या दिवशी गाडीत पडदा आणि मशीन टाकून खेड्यांत सिनेमे दाखवायचे, ही त्यांची हौस. पण सिनेमे कसले, तर मारामारी नाही, गाणं नाही, माणूस म्हणजे काय, मरण म्हणजे काय, अशा गोष्टींचे. तेही परमुलखातले, परभाषेतले. मागच्या गावात अर्धे लोक झोपले आणि उरलेले घरी गेले, असं त्यांनीच रामाजीच्या किराणा दुकानात चहा पिता पिता सांगितलं. रामाजी हा गावातला बातमीचा ठोक व्यापारी, किराणा तो फक्त तोंडी लावायला ठेवतो. त्यानं लगेच सुचवलं, सिनेमा चालू असताना बाजूला बसून आपल्या बोलीत सांगणारा माणूस पाहिजे, आणि असा माणूस या तालुक्यात एकच आहे, त्याला बोलायला कारण मिळालं नाही तर तो फुटून मरेल.

मॅडमनी दुकानाच्या मागच्या खोलीत पत्रूला तो सिनेमा आधी लॅपटॉपवर दाखवला. एक मोठी नदी, तीवर धुकं. काठावर एक म्हातारी एकटी राहते. रोज पलीकडून होडी येते, माणसं उतरतात, म्हातारी दारात उभी राहून पाहते आणि आत जाते. ऋतू बदलतात, बर्फ पडतं, वितळतं. कुणी फारसं बोलत नाही. शेवटी एक दिवस होडीतून एक तरुण उतरतो आणि थेट तिच्या दारात येऊन उभा राहतो. म्हातारी त्याच्याकडं पाहत राहते. मग आत जाऊन पाणी आणते. तो पितो. दोघं उंबऱ्यावर बसतात. संपला.

पत्रू वाट पाहत होता की आता कुणीतरी बोलेल. पडद्यावर नावं वर सरकायला लागली तेव्हा त्यानं विचारलं, "हा पोरगा तिचाच ना, मॅडम?"

"सिनेमा ते सांगत नाही, पत्रूभाऊ."

"मंग कोन सांगते?"

"कुणीच नाही. सिनेमा फक्त विचारतो. ज्याची वाट पाहिली तोच यायला हवा का? दुसरा कुणी आला तर ती वाट पाहणं वाया गेलं का? उत्तर ज्याचं त्यानं शोधायचं."

पत्रूनं मान हलवली. मनात म्हणाला, म्हणजे लेखक अडलाय. इतका पैसा खर्चून नदी दाखवली, बर्फ दाखवलं, आणि ऐन मोक्याला शब्द विसरला बिचारा. मॅडमनी पात्रांच्या बोलण्याचा अर्थ समजावला आणि बजावलं की पात्रं बोलतील तेवढंच आपल्या बोलीत सांगायचं आणि जिथं ती गप्प, तिथं आपणही गप्प. ती शांतताच खरा सिनेमा आहे. पत्रू म्हणाला, होऊन जाईन मॅडम. बोकडासमोर पाला ठेवून खाऊ नको म्हटलं की तोही असाच मान हलवतो.

दिवेलागणीला शाळेच्या पटांगणात पडदा ताणला. पत्रूनं धुवट सदरा घातला होता, मिशीच्या काळ्या बाजूला हात आणखी एकदा फिरवला होता. पडद्याच्या बाजूला खुर्ची, पुढं माईक, वर बल्ब. एवढ्या हंगामांत पहिल्यांदा तो लोकांपुढं, उजेडात बसला होता.

आणि पहिल्याच ओळीत, त्याच्यापासून हातभर अंतरावर, बुधरी बसली होती.

नाल्यापलीकडच्या गोंडटोल्यातली बुधरी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता धनराज. गेल्या वर्षी टोळीबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेला. इकडचे अर्धे लोक जातात, धान निघालं की जायचं आणि ऊन तापायच्या आत परत यायचं. मजुरीत मिरचीच मिळते, म्हणून परतीची गाडी चौकात थांबली की पोती उतरतात आणि अख्खा चौक शिंकतो. गेल्या वर्षी टोळी आली, शिंका आल्या, धनराज आला नाही. कुणी म्हणालं, तिकडंच एका तेलगू पोरीशी लग्न केलं. कुणी म्हणालं, रेल्वेत बसताना दिसला. पोलिसांत सांगून झालं. फोन बंद तो बंदच. मग हळूहळू गावानं आपसांत न बोलताच एक नेम धरला, की बुधरीसमोर धनराजचं नाव काढायचं नाही. ती दुकानात आली की मिरचीचासुद्धा विषय निघत नसे. रामाजीसारखा रामाजी, त्यानंही वर्षभर जीभ दाताखाली धरली होती.

सिनेमा सुरू झाला. पत्रूनं सुरुवातीला नेमस्तपणा राखला. पण पडद्यावर म्हातारी गप्प, नदी गप्प, आणि लोक चुळबुळ करायला लागले. मागून एक जांभई आली, ती चांगली लांब होती. पत्रूच्या अंगात जुनं वारं शिरलं. त्यानं म्हातारीला तोंड दिलं. ती होडीवाल्याला विचारू लागली, "काय गा, आज मासोळ्या गावल्या का?" लोक हसले. बर्फ पडलं तर ती म्हणाली, "अवकाळीनं यंदा मोहाचा फुलोरा जाते वाटते." आणखी हसले. नीलिमा मॅडम मशीनजवळून हातानं नको नको करत होत्या, पण पडद्यामागं बसून जन्म काढलेल्या माणसाला समोरून आलेली दाद म्हणजे उपाशाला श्राद्धाचं ताट. तो कशाला तिकडं पाहतो.

मग होडी आली. तो तरुण उतरला, दारात उभा राहिला. पटांगण चिडीचूप झालं. बुधरी थोडी पुढं सरकली, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट. पत्रूनं तिच्याकडं पाहिलं. हे नीट ध्यानात घ्या, कारण पुढं त्यानं कधी स्वतःला यातून सूट दिली नाही. त्यानं तिला पाहिलं होतं. तिच्या मनात काय चाललंय ते त्याला कळलं होतं. आणि एक शब्द टाकला तर पटांगण कसं हलेल, हेही त्याला त्याच क्षणी कळलं होतं.

त्यानं माईक जवळ ओढला आणि त्या परमुलखातल्या तरुणाच्या तोंडी घातलं, "माय, मी आलो. मिरचीच्या गावाहून आलो. गाडी चुकली होती माय, मनून उशीर झाला."

बाया रडल्या. गडी रडले. कुणीतरी शिटी मारली, ती पण रडकी होती. बुधरी रडली नाही. ती फक्त पडद्याकडं पाहत राहिली, आणि तो तरुण पाणी पिऊ लागला तेव्हा तिनं ओठ ओले केले.

नंतर लोकांनी पत्रूच्या पाठीवर थापा मारल्या. मॅडम पडद्याची घडी घालत एवढंच म्हणाल्या, "पत्रूभाऊ, सिनेमानं प्रश्न विचारला होता. तुम्ही उत्तर देऊन टाकलंत." पत्रूला वाटलं ही तारीफ आहे. घरी जाऊन त्यानं ती रुखमाबाईला दोनदा सांगितली.

पुढचे काही दिवस तो गावातून असा फिरला, जसा मंडईत नवा जावई. मग एका सकाळी रामाजीनं तराजू पुसता पुसता बातमी दिली. बुधरीच्या मोहाखाली फुलं तशीच पडून आहेत. गुरं खाऊन राहिलीत.

आता हे बाहेरच्या माणसाला साधं वाटेल. पण मोहफूल पहाटेपासून गळतं आणि ऊन चढायच्या आत वेचावं लागतं. टोल्यातल्या बाया त्या दिवसांत आजारपणसुद्धा पुढं ढकलतात, कारण पावसाळ्यातलं मीठमिरची त्यातूनच निघायचं असतं. झाड जंगलात असलं तरी कोणतं झाड कुणाचं ते आज्या-पणज्यांपासून ठरलेलं. बुधरीच्या झाडाखाली फूल पडून राहिलं म्हणजे एक तर बुधरी गेली किंवा तिचं डोकं गेलं. पत्रूनं विचारलं, मग ती असते कुठं?

"चौकात," रामाजी म्हणाला. "पहाटेच येऊन बसते. मिरचीच्या गाड्या याले लागल्या ना आता. घर सारवलं, एक कोंबडा राखून ठेवला. मनते, सिनेमात दाखवलं, गाडी चुकली होती त्याची." आणि मग आवाज खाली आणून, "वर्षभर सांभाळलं गा आमी. तू एका दमात ओकून देल्लं."

पत्रूच्या हातातला चहा तसाच राहिला. चौक दुकानातून दिसतो. पिंपळाच्या पारावर बुधरी बसली होती, मांडीवर धुतलेला टॉवेल घडी घालून. आलेल्या माणसाला घाम पुसायला लागतो, म्हणून.

त्या दिवसापासून पत्रू चौक टाळून मागच्या गल्लीनं जाऊ लागला. जेवणात लक्ष नाही. खोकला आला तरी दाबून खोकायचा. शेवटी त्यानं एक युक्ती काढली, आणि घाबरलेल्या माणसाच्या युक्तीला जेवढी अक्कल असते तेवढीच तिला होती. झुंजुमुंजू झालं की तो टोपलं घेऊन रानात जायचा, बुधरीच्या मोहाखालची फुलं वेचायचा आणि तिच्या मागच्या अंगणात गुपचूप पसरून यायचा. तेवढंच तिचं नुकसान टळेल. पण रानात गुपचूप काही होत नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला रामाजीनंच त्याला झाडाखाली ओणवा पकडला. दुसऱ्याच्या मोहाखालचं फूल उचलणं म्हणजे त्याच्या चुलीवरची हंडी उचलणं. पत्रू टोपलं छातीशी धरून उभा राहिला आणि ज्यानं राजे-महाराजांना शब्द पुरवले त्याला स्वतःसाठी एक सुचेना. खरं सांगावं तर स्वतःची लाज स्वतःच्या तोंडानं वेशीवर टांगायची.

दुपारपर्यंत गावात झालं होतं की पत्रूनं म्हातारपणी हातभट्टी टाकली आणि कच्चा माल रांडमुंड बाईच्या झाडाचा आणतो.

रुखमाबाईनं ऐकलं. ती चुलीपाशी बसली होती, तिथूनच म्हणाली, "अजी, चोर तं तुमी नाई. तेवढी हिंमत तुमच्यात कुठी? मंग हाये काय हे?"

पत्रूनं सगळं सांगितलं. रुखमाबाई त्याचं नेहमी अर्ध्यात तोडते, त्या दिवशी तोडलं नाही. तो बोलायचा थांबला तरी ती चुलीत लाकूड सारत राहिली. मग म्हणाली, "मेलेल्या राजाले खोकलवलं तवा लोकं हासले तरी. या बाईच्या पोराले बोलवलं तुमी. आता कोन हासन?" आणि लगेच, "जा. तिले सांगा. मी संग नाई येनार."

तो गेला. बुधरी अंगणात, कुणी आणून टाकली ते न कळलेली मोहफुलं हातानं सारखी करत होती. तिनं त्याला बसायला खाट दिली, पाणी दिलं. पत्रूनं ते पाणी हातात धरूनच सांगितलं की बाई, त्या सिनेमातला माणूस तसं काही बोलला नव्हता. मिरची नव्हती. गाडी चुकली नव्हती. ते सारं माझ्या पदरचं.

बुधरीनं ऐकून घेतलं. तिला राग आला नाही, हेच पत्रूला सहन होईना. ती समजूत घालावी तशी म्हणाली, "तू कायले कष्टी होते भाऊ? माया डोळ्यानं पाह्यलं ना मी. होडीतून उतरला. दारात आला. पानी पेला. तू बोलला, नाई बोलला, पानी तं पेला ना?"

ती पडद्यावर पाहिलेलं सांगत होती. पडद्यावर तेवढंच होतं. पत्रूनं टाकलेला शब्द तिच्या मनात चित्राला असा चिकटला होता की आता तो खरडायला गेलं तर चित्रच फाटेल. तो उठला. नाल्यात उतरला आणि तिथं कुणी नाही असं पाहून मनसोक्त खोकला. डोळ्यांतून पाणी आलं, ते खोकल्याचंच, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

मग रामाजीच्या फोनवरून त्यानं चंद्रपूरला मॅडमना गळ घातली, तोच सिनेमा पुन्हा आणा. मॅडम म्हणाल्या, "येते. पण माईक?"

"मीच धरतो," पत्रू म्हणाला. "आता नाई बोलत."

पुन्हा पटांगण, पुन्हा पडदा. यावेळी शेजारच्या गावचेही लोक आले होते, मागच्या खेळाची कीर्ती ऐकून. पत्रू त्याच खुर्चीवर बसला. बुधरी त्याच जागी. म्हातारी बोलली तेवढंच त्यानं सांगितलं, आणि ती फार थोडं बोलते. मासोळ्या नाहीत, मोहाचा फुलोरा नाही. नदीचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला. लोक कुजबुजले, पत्रू बिमार आहे का?

होडी आली. तरुण उतरला. दारात उभा राहिला. पत्रूनं माईक मांडीवर आडवा ठेवला. आतून शब्द वर येत होता, जसा खोकला येतो तसा, आणि त्यानं तो तसाच दाबला. त्याला वाटलं, आता बुधरी नुसतं चित्र पाहील, नुसता परका माणूस पाहील, आणि मग जे कळायचं ते कळेल.

आणि मागून एक पोरकट आवाज आला, "माय, मी आलो."

दुसरा ओरडला, "मिरचीच्या गावाहून आलो." मग तिसरा, चौथा, मग बायांची अख्खी रांग. "गाडी चुकली होती माय." सगळं गाव पत्रूला शब्द पुरवत होतं. त्यांना वाटलं, म्हातारा विसरला. त्यानंच तर या गावाला शिकवलं होतं की शांतता पडू द्यायची नाही. पत्रू उभा राहिला, दोन्ही हात वर करून त्यांना थांबवू लागला. लोकांना वाटलं, जोरात म्हणा म्हणतोय. ते जोरात म्हणाले.

बुधरीनं मान मागं वळवली. ओरडणाऱ्या तोंडांकडं पाहिलं. मग पडद्याकडं पाहिलं. तिथं तो तरुण नुसता उभा होता, ओठ मिटलेले, आणि त्याच्या नावानं शंभर माणसं बोलत होती. मग तिनं पत्रूकडं पाहिलं.

सिनेमा संपून लोक उठले तरी ती बसून होती. मॅडमनी बल्ब लावला आणि वायर गुंडाळायचं निमित्त करून लांब गेल्या.

"काऊन नाई बोलला आज?" बुधरीनं विचारलं.

"तो काई बोलतच नाई, बाई."

"मंग मिरची काऊन टाकली?"

पत्रूनं खोटं बोलायचा विचार केला. पदरचं एखादं सुचलंही असतं. पण म्हणाला, "लोकं रडावं मनून. तू समोर होती, तुले पाहूनच टाकली."

बुधरीनं मातीत बोट फिरवलं. मग म्हणाली, "धनराज मले माय मनत नाई. आमच्या गोंडीत अव्वा मनते. तवाच खटकलं होतं मले. मी मनलं, असू दे." आणि उठून पदर झटकला. "मोहा वाया गेला माया अर्धा. आता उद्यापासून मी येचतो. तू जाऊन बस चौकात."

"मी?"

"मंग कोन? तो कसा येते, काय बोलते, तुलेच तं सारं ठावं आहे. बस. आला तं सांग, नाई आला तं नाई मनून सांग. दुसरं काई लावजो नोको."

आणि ती गेली, धुतलेला टॉवेल त्याच्या खुर्चीवर ठेवून.

पत्रू दुसऱ्या दिवशी पहाटे पारावर जाऊन बसला. आता चौक टाळता येत नव्हता. गाव येता-जाता पाहणार, आणि गावानं पाहिलंच. रामाजीनं दुकान उघडता उघडता विचारलं की काय गा पत्रू, आज कोणतं नाटक? मग त्याच्या मांडीवरचा टॉवेल पाहिला आणि पुढचं गिळलं. ते जे हसू गिळणं म्हटलं ना, ते इथून सुरू झालं. दुपारी त्यानं स्वतःच्या हातानं चहा आणून दिला. हातभट्टीची अफवाही त्यानंच परत घेतली, म्हणजे त्याच्या पद्धतीनं घेतली, ती पलीकडच्या गावातल्या एकाच्या नावावर लावून.

गाडी येते, पोती उतरतात, चौक शिंकतो. पत्रू उठून उभा राहतो आणि एकेक तोंड नीट पाहतो. मिरचीनं लाल झालेले डोळे, भाजलेली बोटं, फाटलेले ओठ. पूर्वी यातल्या प्रत्येकाला त्यानं एकेक संवाद देऊन टाकला असता. एकदा एका पोरानं उतरल्या उतरल्या त्याच्याकडं पाणी मागितलं. पत्रूनं घरून आणलेल्या डबकीतलं, पाण्याच्या छोट्या डब्यातलं, दिलं. पोरगा घटाघटा प्यायला, टॉवेलाकडं पाहून म्हणाला, कोणाची वाट पाहून राहिले बावाजी? पत्रूनं तोंड उघडलं. नीलिमा मॅडमचा तो प्रश्न त्याला आठवला, आणि त्याचं उत्तर आपण केवढ्या ऐटीत दिलं होतं तेही. त्यानं तोंड मिटलं. पोराच्या हातून डबकी परत घेतली.

ऊन चढायच्या बेताला तो रानात जातो. बुधरी झाडाखाली ओणवी असते, फूल वेचत. तो दहा हात लांब थांबतो, कारण दुसऱ्याच्या मोहाखाली जायचं नसतं, आणि सांगतो, "आज नाई."

बुधरी मान वर करत नाही. "बरं," म्हणते.

मोहाचा हंगाम संपला. मिरचीच्या गाड्याही थांबल्या. आता चौकात नुसती बस येते, तीतून आपलेच लोक उतरतात. बुधरीनं काही त्याला आता येऊ नको असं म्हटलं नाही, आणि पत्रूनं विचारलं नाही. रुखमाबाई मात्र रोज पहाटे डबकी भरून दारात ठेवते. परवा तिनं आरसाही नवा आणला. तो अजून कागदात गुंडाळूनच भिंतीला टेकवून ठेवलाय. पत्रूला म्हणे, अजी, लावा ना. पत्रू म्हणाला, लावतो, आणि डबकी उचलून निघाला.